देवदूताची चिठ्ठी

चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या ताईंना आयुष्यात कधी काही चिठ्ठीवर मिळालं नव्हतं, आणि ही गोष्ट सगळ्या शाळेला तोंडपाठ होती. शिक्षकांच्या खोलीत नाताळच्या भेटींसाठी चिठ्ठ्या काढल्या की ताईंच्या वाट्याला हमखास कुणाच्या तरी घरात वर्षभर पडून राहिलेली फुलदाणी यायची. सहलीच्या बसमध्ये खिडकीची जागा चिठ्ठीवर ठरायची आणि ताई बसायच्या इंजिनाशेजारी. चित्रकलेचे सर म्हणायचे, "ताई, तुमची चिठ्ठी डब्यात पडली रे पडली की लाजून तळाशी जाऊन बसते."

"लहानपणापासूनच लाजाळू आहे ती," ताई म्हणायच्या आणि सगळ्यांबरोबर हसायच्या.

आपण मात्र या ताईंना चिंगीच म्हणू. केस पिकले, चष्मा लागला, निवृत्ती उंबरठ्यावर आली, तरी घरचं नाव ते घरचं नाव. आणि या गोष्टीत सगळं अडलेलं होतं ते त्या नावापाशीच.

चिंगी याच शाळेत शिकली. तेव्हा तिची आई इथे शिक्षिका होती. साधीसुधी नव्हे, नाकावर माशी बसू न देणारी. शाळेत आजही नुसतं 'बाई' म्हटलं की जुन्या लोकांना तीच आठवते, म्हणून तर चिंगीला सगळे ताई म्हणू लागले. फाटकाच्या बाहेर आई तिचा हात धरून चालायची, वाटेत तिची रिबीन घट्ट करायची. फाटक आलं की हात सुटायचा. आत गेल्यावर आई नाही, बाई म्हणायचं, आणि बाईंनीही चिंगी म्हणायचं नाही, हे दोघींमध्ये न बोलता ठरलेलं होतं. गृहपाठ विसरला तर इतरांना बाकावर उभं राहावं लागे, चिंगीला दाराबाहेर. आपल्या पोरीला झुकतं माप दिलं असं म्हणायला बाईंनी कुणाला कधी जागा ठेवली नाही.

सत्राच्या शेवटच्या दिवशी शाळेत नाताळचं नाटक व्हायचं. गोठा, बाळ, मेंढपाळ, भरपूर मेंढ्या, आणि देवदूत. देवदूत एकच. तारेवर पांढरं कापड ताणून केलेले पंख होते आणि ते प्रत्येकाला हवे असायचे. एका वर्षी दोन आयांचं त्यावरून असं वाजलं की मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून बाईंनी पद्धत पाडली: बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळ्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यांसमोर एक काढायची. ज्याची निघेल तो देवदूत. वाद संपला.

दरवर्षी बाईंचा हात डब्यात गेला की चिंगी पहिल्या बाकावर डोळे गच्च मिटून बसायची. दरवर्षी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव ऐकू यायचं. ती मेंढी झाली, पुन्हा मेंढी झाली, मग पडदा ओढणारी झाली. चौथीत, शेवटच्या वर्षी, घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. आई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "चिठ्ठी आहे ती, चिंगे," एवढंच म्हणाली. "चिठ्ठीला कुणाची माया नसते."

चिंगीने ते मनावर कोरून घेतलं. आपलं नाव निघत नाही, हे तिने आपला रंग किंवा उंची मान्य करावी तसं मान्य केलं. पुढे एकदा मोठ्या शाळेत गाणं शिकवायची जागा निघाली. तिचा गळा चांगला होता, सगळे मागे लागले, पण तिने अर्ज केलाच नाही. एका भल्या माणसाने लग्नाचं विचारलं, तेव्हा याच्या मनात आणखी कुणी असेलच असं धरून तिने उत्तर द्यायला इतके दिवस लावले की तो बिचारा वाट बघून बघून दुसरीकडे बोहल्यावर चढला. त्याचं तिने कधी कुणापाशी रडगाणं गायलं नाही. आई निवृत्त झाल्यावर त्याच शाळेत, त्याच वर्गात ती शिकवू लागली, आणि तोच डबा वापरू लागली.

आता आई वृद्धाश्रमात होती. गॅस चालू ठेवून ती बाहेर निघून गेली, शेजाऱ्यांना वास आला म्हणून थोडक्यात निभावलं, आणि त्यानंतर चिंगीचा नाइलाज झाला. नाइलाज हा शब्द ती सगळ्यांना सांगायची; स्वतःला मात्र तो तिला कधी पुरला नाही. दर रविवारी ती जायची. सुरुवातीला आई तिला ओळखायची, मग परिचारिका समजायला लागली, मग कुणीच समजेना. मागच्या हिवाळ्यापासून आईच्या तोंडून 'चिंगी' आलं नव्हतं. आणि त्या नावाने हाक मारणारं दुसरं कुणी आता जगात उरलेलं नव्हतं.

म्हणून यंदा चिंगीने मुख्याध्यापकांचं डोकं खाल्लं. दरवर्षी आपण मुलांकडून लोकरी मोजे आणि शुभेच्छापत्रं गोळा करतो आणि वृद्धाश्रमात नुसती पोचवतो. यंदा नाटकच तिकडे नेऊ. समाजाशी नातं, मुलांवर संस्कार, वर्तमानपत्रात फोटो, असं बरंच काही ती बोलली. मुख्याध्यापक फोटोला राजी झाले. खरं कारण फक्त चित्रकलेच्या सरांना ठाऊक होतं. नाटक बघून, ते पंख बघून आईला काहीतरी आठवेल, आणि ती एकदा, फक्त एकदा, चिंगी म्हणेल.

"आणि नाही म्हणाली तर?" सरांनी विचारलं होतं.

"तर मोजे तरी पोचतील," चिंगी म्हणाली.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात टेबलं भिंतीला लावून जागा केली होती. मेंढ्यांचे कान बसमध्येच चुरगळले होते. एका मेंढपाळाला ऐन वेळी उलटी झाली आणि जोसेफची दाढी कुणीतरी खिडकीतून बाहेर टाकली होती. चिंगी त्याच पत्र्याच्या डब्यातून सेफ्टी पिना काढून कुणाची बाही, कुणाचं शेपूट टाचत होती. चिठ्ठ्या काढून झाल्या की डबा पिनांच्या कामाला लागायचा. यंदा पंख मिळाले होते मुंगीला. वर्गातली सगळ्यात बारकी पोर म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

आईला चाकांच्या खुर्चीतून पुढच्या रांगेत आणून बसवलं. स्वेटरची बटणं वरखाली लागली होती. चिंगीने खाली बसून ती सोडवून नीट लावली.

"आई, मी आलेय."

"हो का?" आई अगदी अदबीने म्हणाली, पालकसभेला आलेल्या अनोळखी पालकाशी बोलावं तशी. "बसा ना."

चिंगी उठली आणि तिने नाटक सुरू करायची खूण केली.

नाटक चाललं तसं चाललं. बाळ म्हणून आणलेल्या बाहुलीचा हात निखळला, तो मरियमने शांतपणे खिशात घातला. मग देवदूत आला. मुंगी खुर्चीवर चढली, पंख सावरले, समोर एवढी म्हातारी माणसं बघून तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "भिऊ नका," हे देवदूताचं वाक्य ती कसंबसं पुटपुटली. स्वतः मात्र थरथर कापत होती.

"मागच्या बाकापर्यंत!"

सगळे दचकले. आवाज पुढच्या रांगेतून आला होता, खणखणीत. आई खुर्चीत ताठ झाली होती, एक बोट वर. "मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

मुंगीचे पाय आपोआप जुळले. "भिऊ नका!" ती अशी ओरडली की कोपऱ्यातले एक पेंगुळलेले आजोबा जागे होऊन "कोण मेलं?" म्हणून विचारू लागले. सगळं जेवणघर हसलं. चिंगी हसली नाही. आई आली होती. इथे, या खोलीत, आई परत आली होती.

नाटक संपलं. मुलं मोजे वाटू लागली, केकच्या बश्या फिरू लागल्या. मुंगीने पंख काढून खुर्चीच्या पाठीला अडकवले. चिंगी डबा हातात घेऊन आईपाशी गेली. आईची नजर तिच्या चेहऱ्यावर गेलीच नाही; ती डब्यावर खिळली.

"आण इकडे."

आईने डबा मांडीवर घेतला. झाकणावरचं उडालेलं चित्र अंगठ्याने पुसलं. "सगळ्यांच्या चिठ्ठ्या घातल्या?"

"घातल्या, बाई," चिंगी म्हणाली. त्या आवाजापुढे दुसरं काही तोंडात आलंच नाही.

आईने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला जवळ वाकायची खूण केली. "सगळ्यांच्या नाहीत. एक नसते. शहाणी दिसतेस म्हणून सांगते, बोलू नकोस कुठे."

"कुणाची नसते?"

"माझ्या पोरीची."

कुठेतरी बशी पडली, मुलं ओरडली. चिंगीला ते लांबून ऐकू आलं.

"लिहिते मी तिचीही," आई म्हणाली. "सगळ्यांच्या लिहिते तशी तिची लिहिते, घडी घालते, आणि मग काढून ठेवते. तिचं नाव निघालं तर लोक काय म्हणतील? बाईंनी आपल्याच पोरीला पंख दिले. मग या डब्याला कोण विचारणार? पण ती पहिल्या बाकावर डोळे मिटून बसते गं. मला वर बघवत नाही. मी आपली डब्यातच बघत राहते."

चिंगीला राग आला. सांगायला हवं, आला. आयुष्यभर ज्याला ती नशीब म्हणत आली, ते नशीब नव्हतंच. तिची आई होती. न केलेला अर्ज, वाट बघून निघून गेलेला तो माणूस, इंजिनाशेजारच्या सगळ्या जागा एका झटक्यात तिच्या डोळ्यांपुढे आल्या. आणि त्याच क्षणी तिला हेही दिसलं, की सगळा वर्ग डब्याकडे बघत असताना त्यात तोंड खुपसून एक बाई उभी आहे, आणि ती रडू आवरतेय. राग कुणावर काढायचा?

"मग तिला सांगत का नाही तुम्ही?"

"वेडी का काय! ऐकून ती गप्प बसेल होय? शाळेभर करेल. चौथी होऊ दे, मग सांगेन. शाळेतून बाहेर पडली की सांगेन." आईचा चेहरा एकदम मऊ झाला. "चिंगी म्हणतो आम्ही तिला घरी."

आलं. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला होता, ते नाव आलं.

"आई," चिंगी म्हणाली. तिने आईचे दोन्ही हात धरले. "आई, मीच चिंगी."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. पिकलेले केस, चष्मा, ओघळणारं नाक. मग ती हसली, लहान मूल भलतंच काही बोलल्यावर मोठी माणसं हसतात तशी, आणि खुर्चीच्या हाताएवढ्या उंचीवर तळवा धरला. "अगं, चिंगी एवढीशी आहे."

चिंगीने चष्मा काढून पुसला. आईला बहुधा तिची दया आली असावी. "तू कधी झालीस देवदूत?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"चिठ्ठीच नाही निघाली, बाई."

आईने भुवया आक्रसल्या. हा अन्याय तिला मुळीच पसंत नव्हता. तिने डबा उघडला, आत हात घातला, पिना खळखळल्या, आणि तिने मूठ वर काढली. मुठीत काही नव्हतं. ती उघडून आईने तळहात वाचला. "निघाली बघ. घे, पंख घाल."

चिंगीने मागे वळून पाहिलं. चित्रकलेचे सर तिथेच उभे होते, किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी खुर्चीवरचे पंख उचलले आणि तिच्या खांद्यांना बांधायला घेतले. नाड्या मुंगीच्या मापाच्या होत्या, पुरेनात. मुंगीनेच केकचे हात फ्रॉकला पुसून डब्यातल्या दोन पिना काढून दिल्या. मुलं खुसखुसली. त्यांची ताई, आणि पंख!

"भिऊ नका," चिंगी म्हणाली. तिचा आवाज घशातच राहिला.

"मागच्या बाकापर्यंत."

चिंगीने डोळे पुसले, ताठ उभी राहिली आणि श्वास भरून घेतला. "भिऊ नका!" ती म्हणाली. तो गळा जुना होता, पण चांगला होता. दाराजवळची परिचारिका ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली.

आईने समाधानाने मान डोलावली, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि चिंगीला पुन्हा जवळ बोलावलं.

"छान म्हणालीस," ती तिच्या कानाशी लागून म्हणाली. "पण चिंगीला नको सांगूस हं. तिला वाईट वाटेल."