अकरा नंबरच्या टेबलापर्यंत

“तुम्हाला खरंच एका वेळी चार प्लेट उचलता येतात, की ते सगळं खोटं असतं?”

माझाच आवाज माइकमधून सभागृहभर घुमला. पुढच्या रांगेतल्या दोन ताया मागे वळून अशा बघायला लागल्या, जणू मी राजघराण्याचा अपमान केलाय. एका अर्थी केलाच होता. व्यासपीठावर ‘युवराज सुट्टीवर’ या मालिकेतला युवराज बसला होता. ज्यांनी ही मालिका पाहिली नाही (कोण आहात तुम्ही? कुठे राहता?) त्यांच्यासाठी सांगते: आजच्या काळातला एक राजपुत्र फिती कापून आणि हात हलवून कंटाळतो, राजवाड्यातून पळ काढतो, नाव बदलून हॉटेलात वेटर होतो आणि अग्निशमन दलाचा बंब चालवणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो. ती त्याला येता-जाता फैलावर घेते, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ओरडल्याचा केवढा आनंद होतो! आमच्या वर्गात सोमवारी दुसरा विषयच नसतो.

पण माझे बाबा खरेखुरे वेटर. आता मोठ्या हॉटेलात कॅप्टन आहेत, हाताखाली बारा जण. त्यामुळे युवराज प्लेट घेऊन निघाला की कॅमेरा पटकन त्याच्या डोळ्यांवर जातो आणि प्लेट थेट टेबलावर उगवतात, हे मला पहिल्या भागापासून खुपत होतं. दर सोमवारी मी तेच दळण दळायचे. शेवटी माझी मैत्रीण भोंगा वैतागली. “आमचं डोकं का खातेस? चाहत्यांच्या भेटीला जाणारच आहोत, त्यालाच विचार. आहे हिंमत?” बाकीच्या लगेच, “विचार, विचार!”

गेल्या वर्षीची मी खुर्चीखाली लपले असते. या वर्षी मी हात वर केला.

युवराज हसला. खरं सांगते, पडद्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त छान हसतो. “चार? एक धड येत नाही,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी सात फोडल्या.”

शेजारच्या दिग्दर्शिकाबाई पुढे झुकल्या. “आणि शेवटच्या भागात मला किचनच्या दारापासून नायिकेच्या टेबलापर्यंत एकच सलग शॉट हवाय. याला शिकवणारं कुणी आहे का तुझ्या माहितीत?”

“माझे बाबा!”

बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. बाबांचं स्वतःच्या कामाबद्दलचं मत मला पाठ होतं. “त्यात काय आहे? उचलायची, नेऊन ठेवायची.” आणि त्यामागोमाग, “या घरात ट्रे उचलणारा मी शेवटचा.” मला तर दहावीनंतर हॉटेलचंच शिकायचं होतं! हे मी फक्त भोंग्याला सांगितलं होतं, आणि नाव भोंगा असूनही तिने ते पोटात ठेवलं होतं. आता बाबांची तिथे फजिती झाली असती, तर माझी गोष्ट कायमची पोटातच राहिली असती.

“कुणाला विचारून कबूल केलंस?” बाबा घरी गरजले.

“तुम्हाला विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.”

“बरोबर बोलतेय ती,” आई म्हणाली. आई लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, त्यामुळे बोलणंही तसंच, नेमकं शिरेवर.

“अगं, पण राजपुत्राला मी काय शिकवणार?”

“सात फोडल्यात त्याने. आठवी वाचवा.”

पुढचे चार दिवस दुपारी युवराज आमच्या बाहेरच्या खोलीत! तो बाबांना ‘सर’ म्हणाला की बाबा मागे वळून बघायचे, कोण आलं म्हणून. स्टीलच्या प्लेटमध्ये पाणी भरून सराव चालायचा आणि आई पोछा घेऊन तयार.

“पहिली अंगठा आणि तर्जनीत. दुसरी तिच्याखाली, उरलेल्या बोटांवर. तिसरी मनगटावर. चौथी उजव्या हातात. अंगठा कडेवर घ्या, युवराज! पाहुणे तुमचा अंगठा खायला आलेले नाहीत.”

मी बघतच राहिले. माझ्या गणिताला “नीट वाच, येईल” एवढंच बोलणारे बाबा एकच गोष्ट अकरा तऱ्हांनी समजावत होते, आणि आवाज एकदाही चढला नाही.

“प्लेटकडे बघू नका. बघितलं की हात घाबरतो. जिथे ठेवायचीय तिथे बघा.”

“पण सर, पडली तर?”

“हातात आहे ना? मग तिची काळजी हात करेल.”

शूटिंग बाबांच्याच हॉटेलातल्या हॉलमध्ये होतं. आम्हा मैत्रिणींना भिंतीलगत उभं राहायची परवानगी मिळाली. अकरा नंबरचं टेबल पार टोकाला, तिथे बंबवाली नायिका. वाटेत दोन वळणं आणि प्लेटमध्ये खरंखुरं टोमॅटोचं सूप. पहिल्या वेळी युवराजाची मान एकदाच खाली गेली आणि टेबलक्लॉथ लाल झाला. दुसऱ्या वेळी सूप नायिकेच्या मांडीवर. “बंब बोलवा कुणीतरी!” ती ओरडली. सगळे हसले, दिग्दर्शिकाबाई सोडून.

“जाऊ दे. नेहमीसारखं तुकड्यातुकड्यांत घेऊ.”

युवराजाचं तोंड एवढंसं झालं. बाबांचंही. भोंग्याने माझा हात घट्ट धरला.

“एकदा मी जाऊन दाखवू का?” बाबा हळूच म्हणाले. “त्यांना नुसतं बघू दे.”

आणि बाबा निघाले. चार प्लेट, काठोकाठ सूप. एक लाइटवाला स्टँड घेऊन उलटा चालत नेमका आडवा आला. बाबांनी फक्त खांदा वळवला. सुपावर साधा तरंग नाही! पहिलं वळण, दुसरं वळण, अकरा नंबर. प्लेट टेकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. नायिका आपोआप ताठ बसली, घरी कुणी मोठं माणूस आल्यासारखी. लाइटवाल्याने स्टँड खाली ठेवून टाळ्या वाजवल्या आणि मग हॉलभर वाजल्या.

“सर, तुम्ही कुठे बघत होतात?” युवराजाने विचारलं.

“पाहुण्याच्या चेहऱ्याकडे. आपली प्लेट येताना दिसली की भुकेल्या माणसाचा चेहरा बदलतो. तेवढं चुकवायचं नसतं. मी तर त्यासाठीच जातो रोज.”

हे बाबा घरी कधीच बोलले नव्हते.

तिसऱ्या वेळी युवराज दारातून निघाला तो थेट नायिकेकडे बघत. प्लेटकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही. तो जवळ येत गेला तसा तिचा चेहरा बदलत गेला, आणि चारही प्लेट सुखरूप टेकल्या. “कट!” म्हणत दिग्दर्शिकाबाई खुर्चीतून उठल्याच. भोंगा तर ढसाढसा रडली.

संध्याकाळी बाबा बूट काढता काढता म्हणाले, “टाळ्या वाजवण्यासारखं काय होतं गं त्यात?” नेहमीसारखं उडवून लावत नव्हते, खरंच विचारत होते.

“सगळंच,” मी म्हणाले. “आई, तूही ऐक. दहावीनंतर मी हॉटेलचं शिकायला जाणार. मार्क मी मिळवीन, प्रवेश मी घेईन, आणि सुट्टीत बाबा मला शिकवतील. ओरडायचं असेल तर दोघांनी एकदमच ओरडून घ्या, पण मी विचारत नाहीये, सांगतेय.”