अडीच मिनिटांचा आराम

मागच्या खोलीच्या खिडक्या वहिनीच्या नवऱ्यानं मुद्दाम बंद ठेवल्या होत्या. म्हणे, घाम निघाला पाहिजे. जागेवरच फिरणाऱ्या सायकलवर त्याची धाकटी बहीण शर्यतीची तयारी करत होती. तिच्याखाली घामाचं तळं साचलेलं, आणि खोलीत ओल्या मोज्यांचा कुबट वास.

चार मिनिटं जीव तोडून पायडल मारायचं, मग चार मिनिटं आराम, असं पाच वेळा. घड्याळ वहिनीच्या हातात. पण आरामाची जेमतेम अडीच मिनिटं होतात न होतात तोच नवरा डोळा मिचकावायचा आणि ती म्हणायची, "झाली चार!" महिनाभर हेच चाललं होतं. वहिनीच्या शब्दावर नणंद मुकाट्यानं पुन्हा सुरू व्हायची.

आज तिसऱ्या फेरीनंतर ती बादलीत भडाभडा ओकली. नवरा केळं सोलत होता. त्यानं बादली पायानं बाजूला सारली आणि निम्मं केळं तोंडात कोंबलं.

"चला, तेवढंच वजन उतरलं!" तो भरल्या तोंडानं हसला आणि त्यानं बायकोला डोळा मारला.

त्याच्या दातांतला तो पांढरा लगदा बघून वहिनीच्या अंगावर शहारा आला. पण त्याहून जास्त शिसारी आली ती स्वतःच्या हातातल्या चिकट घड्याळाची.

"वहिनी, झाली चार?" नणंदेनं तोंड पुसत विचारलं.

"नाही. अडीच झालीत. आणि महिनाभरात तुला एकदाही पुरी चार दिली नाहीत आम्ही."

"डोकं फिरलंय का तुझं?" नवरा खेकसला. "शर्यतीत कोण थांबणार आहे हिच्यासाठी?"

"मला शर्यतीतलं कळत नाही. पण हिला फसवायला मला पुढे करू नका."

नणंद दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "दादाचं एक सोड," ती सावकाश म्हणाली, "पण तूसुद्धा?"

वहिनीला मान वर करवेना.

नणंदेनं पुरी चार मिनिटं घेतली. उरलेल्या दोन्ही फेऱ्या तिनं न ओकता, आधीपेक्षा जोरात मारल्या. नवऱ्यानं मांडीवर थाप मारली. "बघितलंस? मी ताणलं म्हणूनच!"

दुसऱ्या दिवशी नणंदेनं सायकल स्वतःच्या खोलीत नेली आणि खिडक्या सताड उघडल्या.

"वेळ बघायला येऊ का?" वहिनीनं दारातून विचारलं.

"नको. माझी मी बघते."

ते बरोबरच होतं. वहिनी मागच्या खोलीत परतली आणि नाकाला पदर लावून फरशी पुसायला बसली.