चढणार कोण

सहादूनं शिडी वखारीच्या जमिनीवर आडवी टाकली, दोन्ही टोकांखाली एकेक वीट सरकवली आणि तो पायऱ्यांवरून चालू लागला. प्रत्येक पायरीवर मधोमध उभं राहायचं, टाचेनं दाबायचं, बांबू करकरतो का ऐकायचं, मग पुढची. बारा पायऱ्या झाल्या तशी त्यानं शिडी उलटी केली आणि परत पहिलीपासून सुरुवात केली.

वखारवाला भिमाजी सिन्नरकडचा. द्वारकेच्या नाक्यावर वखार टाकून त्याला दहा वर्षं झाली होती. गिऱ्हाईक शिडी भिंतीला लावतं, दोन पायऱ्या चढतं आणि भाव पाडतं, एवढं त्याला ठाऊक होतं. हा प्रकार त्यानं पाहिला नव्हता.

"भाऊ, शिडी हाय ती. पूल नाय. उभी करून चढून बघा की."

"आधी आडवी बघायची असते. आमच्या खात्यात अशीच बघतात."

हे खोटं नव्हतं. फक्त खात्यात आडवी बघून झाल्यावर उभीही करतात, तेवढं त्यानं गाळलं.

सहादू वीज खात्यात एकतीस वर्षं लाइनमन होता. गेल्या वर्षी, म्हणजे ऐंशी साली, रिटायर झाला. पण शेवटची दोन वर्षं तो एकदाही खांबावर चढला नव्हता. लासलगावच्या रस्त्यावर एका दुपारी अर्ध्या खांबावर त्याचे गुडघे धरले. ना वर, ना खाली. जोडीदार बहिरूनं शिडीवर मागून येऊन त्याचा एकेक पाय हातानं उचलून खालच्या पायरीवर ठेवला, तेव्हा कुठे तो जमिनीला लागला. बहिरू कुणाला बोलला नाही. साहेबांनी सहादूला तक्रारींच्या रजिस्टरवर बसवलं. घरी मात्र तो रोज कमरेचा पट्टा घेऊनच निघायचा, आणि संध्याकाळी चहा पिताना सांगायचा, आज सातपूरला तीन खांब झाले, आज चार झाले. एकदा खोटं बोललं की ते रोज बोलावं लागतं, आणि सहादूला तर ते बोलताना बरंही वाटायचं.

त्याची बायको तानुबाई वखारीतल्या फळ्यांच्या थप्पीवर बसली होती, उजवा हात मांडीवर घेऊन. प्लास्टर निघून महिना झाला होता, तरी मनगट अजून जपायची. माघात ती माळ्यावरचं पीठ चाळायची परात काढायला खाटेवर स्टूल ठेवून चढली आणि पडली. सहादू तेव्हा ओट्यावर पेपर वाचत होता. दहा पावलांवर. हाडं जुळली, पण त्याच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती. तिनं हाक का मारली नाही? एकतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस दारात बसलेला, आणि ही बाई स्टुलावर चढते. विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती, कारण उत्तरात काय येईल याची त्याला भीती वाटत होती.

आता आठ दिवसांवर बुद्धपौर्णिमा आली होती. विहारात खीर करायला त्यांचं जर्मनचं मोठं पातेलं दर वर्षी जायचं, आणि पातेलं माळ्यावर होतं.

"घरात वापरायचीय ना?" भिमाजीनं विचारलं. "मग ही बारा फुटी कशाला? तो घोडा घ्या. चार पायांचा, आपला आपण उभा राहतो."

त्यानं कोपऱ्यातला लाकडी घोडा ओढून पुढे आणला. रंगारी वापरतात तसला, कैचीसारखा उघडणारा, दोन बाजू फार फाकू नयेत म्हणून मध्ये दोरी.

सहादूनं दोरीला एक बोट लावलं. "ही तुटली की माणूस गेला. मला घोडा नको. टेकवायची शिडीच बरी, तिची सवय आहे."

"पण चढणार कोण?" भिमाजीनं विचारलं. "शिडी ज्याची त्याच्या मापाची घ्यावी लागते, म्हणून इचारतो."

"मीच. दुसरं कोण?" सहादू म्हणाला. "लाइनमन होतो मी."

"अरे, मग तुम्हाला काय सांगायचं. घ्या, लावा भिंतीला."

भिमाजीनं स्वतःच शिडी उचलून भिंतीला उभी केली आणि बाजूला झाला. आता आडवी करायला कारण उरलं नव्हतं. सहादूनं चपला काढल्या. शिडीचा पाय भिंतीपासून किती लांब हवा ते पावलांनी मोजलं, शिडी वीतभर पुढे घेतली, पुन्हा मोजलं. मग पहिली पायरी. दुसरी. दुसरीवर त्याच्या मांड्यांत ते जुनं थरथरणं आलं आणि गुडघ्यापाशी येऊन थांबलं. जमीन दोन फुटांवर होती. पोरसुद्धा उडी मारेल एवढी. पण पाय हलेना.

"कशी वाटती?" भिमाजीनं खालून विचारलं.

सहादूनं दोन्ही हातांनी बांबू आवळून धरला.

तेवढ्यात शिडी किंचित जड झाली, म्हणजे खालून कुणीतरी धरली. तानुबाईनं खालच्या पायरीवर आपलं पाऊल टेकवलं होतं आणि डावा हात त्याच्या पोटरीवर ठेवला होता.

"अहो, उतरा आता," ती रोजच्या आवाजात म्हणाली. "ही आपल्या खोलीत कुठे मावायची? दहा बाय नऊची खोली. तिरकी लावली तर पाय चुलीत जाईल."

तिच्या हातानं पोटरी हलकेच खाली ओढली. डावा पाय आला. मग उजवा.

"आणि माप माझं घ्या, दादा," ती भिमाजीला म्हणाली. "माळ्यावर चढणार मी. हे खाली धरतील."

भिमाजीनं एकदा सहादूकडे पाहिलं. सहादू चपला शोधत होता. भिमाजी शहाणा माणूस, त्यानं नजर घोड्याकडे वळवली.

"मग ह्योच घ्या, ताई. पायऱ्या चपट्या हायेत, लुगड्यात पाय अडकायचा नाय."

तानुबाईनं पदर खोचला आणि घोड्यावर तीन पायऱ्या चढली, उतरली, पुन्हा चढली. चौथीवर थांबून तिनं वर हात पुरवून बघितला. "एवढ्यावरनं पोचते," ती म्हणाली. सहादू कधी येऊन घोडा धरून उभा राहिला ते त्यालाही कळलं नाही. बिजागऱ्या त्यानं तिथेच तपासल्या, आणि त्या कुजक्या दोरीच्या जागी दोन्ही बाजूंना साखळी बसवल्याशिवाय घोडा हलवू दिला नाही. भिमाजी कुरकुरला, पण साखळी लावून दिली.

हातगाडीवर घोडा, मागे ही दोघं. घरापर्यंत सहादू साखळीवर हात ठेवून चालला. तानुबाई उन्हाबद्दल बोलली, भाजीच्या भावाबद्दल बोलली.

खोलीत घोडा उघडल्यावर त्याचे पाय शहाबादी फरशीवर जरासे सरकले. सहादूला बोलायला विषय मिळाला.

"याला रबर पाहिजे. सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे पायांना घालू. वरून कापडानं करकचून आवळायचे, नाहीतर निघतात. काही जुनं जाड कापड आहे का?"

तानुबाईनं ट्रंकेतून एक खाकी पँट काढली आणि कात्री घेऊन बसली.

"ही कशाला? ही चांगली आहे," सहादू म्हणाला. "ठिगळाची एखादी घे."

"ठिगळाच्या लय आहेत. पण त्यांचा सलग पट्टा निघत नाही." तिनं पँट मांडीवर पसरली. "तुमच्या पँटी खांब घासून आतून गुडघ्यापाशी जायच्या. सहा महिन्यांत शिवायला यायच्याच. एकोणतीस वर्षं शिवल्या मी. ही शेवटची दोन वर्षं वापरलेली. गुडघे कोरे आहेत हिचे."

कात्री चालू झाली.

सहादू खाटेवर बसला. त्यानं विचारलं, "तेव्हापासून ठाऊक होतं?"

"शिवायचं काम थांबलं तेव्हा कळलं."

"मग मी रोज ते सातपूरचं सांगायचो..."

"ऐकायला चांगलं वाटायचं," ती म्हणाली. "आणि तुम्हालाही सांगायला बरं वाटायचं. मोडायचं कशाला."

"म्हणून माघात हाक मारली नाहीस."

"हाक मारली असती तर तुम्ही आला असता," तानुबाई म्हणाली. "आणि चढलाही असता."

तिनं चार पट्ट्या कापून त्याच्या हातात दिल्या. त्यानं खाली मांडी घालून घोड्याच्या प्रत्येक पायाला ट्यूब चढवली, वर खाकी पट्टी गुंडाळली आणि खांबावरची गाठ मारली, ओढू तेवढी घट्ट होणारी. चौथ्या पायाशी त्याला डोळे पुसावे लागले. तिनं तेवढा वेळ कात्री ट्रंकेत ठेवायला लावला.

मग ती खांद्यावर दोरी टाकून चढली. सहादूनं खालच्या पायरीवर पाऊल दाबलं आणि दोन्ही हातांनी घोडा धरला.

"पातेलं हातात घेऊन उतरायचं नाही," तो म्हणाला. "कडीत दोरी ओव आणि खाली सोड. वरच्यानं सामान धरायचं नसतं, ते खालच्याचं काम."

दोरीला बांधलेलं पातेलं गोल फिरत हळूहळू खाली आलं. त्यानं ते एका हातानं झेलून फरशीवर ठेवलं. दुसरा हात घोड्यावरच होता.

"आलं का?" तिनं वरून विचारलं.

"आलं. आता सावकाश उतर. मी धरलंय."

"ते मला दिसतंय," तानुबाई म्हणाली. "पण जरा बाजूला व्हा. पाय कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर?"

सहादू बाजूला झाला. हात मात्र त्यानं तिचं दुसरं पाऊल फरशीला लागेपर्यंत काढला नाही.