वजा केलेला उजेड

आईचं टेबल आवरायला प्रयोगशाळेत गेले, तेव्हा तिचा शेवटचा नमुना टाकाऊ वस्तूंच्या ट्रेमध्ये पडला होता. नखाएवढी चकती, डबीवर चिकटपट्टी: ‘मंद. बाद.’ अक्षर काकांचं. काका म्हणजे तिचे सहकारी. घरी ती त्यांना ‘घाईगर्दी’ म्हणायची.

“काका, हा टाकून देणार?”

“उजेडच देत नाही गं. चारदा मोजला. मलाही वाईट वाटतं.”

आई भाजी चिरता चिरता मला सगळं समजवायची. चकतीत सारख्या अंतरावर बारीक भोकं. आत क्वांटम डॉट, प्रकाश देणारे अतिसूक्ष्म कण. भोकांचं अंतर नेमकं जमलं, की कणाच्या रंगाच्या प्रकाशाला बाहेर पडायला वाटच उरत नाही. मग लेसरचा झटका खाल्लेला कण ते सगळं पोटात धरून बसतो, हळूहळू सोडतो. तो किती हळू सोडतो, एवढंच तिला दाखवायचं होतं. त्याआधीच ती गेली.

“उजेड नाही म्हणजे, अगदी काहीच नाही?”

“तसं नाही. खाली सपाट गोंगाट असतो यंत्राचा, म्हणजे नसलेल्या उजेडाची खोटी नोंद. तो मी वजा कर—”

काका थांबले. कपाळावर हात मारला.

“गाढव आहे मी. पहिली चमक विझायच्या आत पुढचा झटका मारत होतो. सगळं एकात एक मिसळून सपाट झालं, आणि तेच गोंगाट समजून फेकलं!”

त्यांनी झटक्यांमधलं अंतर वाढवलं, काळे पडदे ओढले, दिवा घालवला. स्क्रीनवर ठिपके जमू लागले. रेषा वर चढली आणि मग उतरतच राहिली, सावकाश, काकांच्या अंदाजापेक्षा कितीतरी लांब.

“महिनाभर ऐकवलं असतं तिने मला.”

“वर्षभर,” मी म्हटलं.

ते हसले. हसू मध्येच तुटलं. अंधारात चाचपडत त्यांनी डबीवरची चिकटपट्टी सोलून काढली.

“मोजणी संपेपर्यंत दिवा लावता येणार नाही. घाई आहे तुला?”

“नाही. घरी कोण आहे आता?”

आई गेल्यापासून सगळे मला खंबीर म्हणत होते. मीही मान डोलवत होते. आता अंधारात मला रडू फुटलं. काकांनी ते ऐकलं असावं. खुर्ची माझ्याकडे पाठ करून फिरवली आणि, आई असती तर विश्वास बसला नसता तिचा, ते नुसते थांबून राहिले.