सिरिलोची वाळू

आमच्या गल्लीत घरोघरी मासे वाढवतात, आणि टाकीच्या तळाला वाळू घालावी की नुसती काच ठेवावी यावरून नवरा-बायकोतही वाजतं. नुसती काच असली की घाण दिसते, नळीनं ओढून टाकता येते, रोगराई कमी. मी स्वतः काचवाली. पण ओडिलियावहिनीनं टाकीतली वाळू काढून टाकली ती स्वच्छतेसाठी नव्हे. सिरिलो नाहीसा झाल्यापासून तिला कुणी काही उकरलेलं बघवत नाही.

सिरिलो तिचा एकुलता एक, माझा भाचा. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी पिशव्यांत मासे भरून बाजाराला निघाला, आणि संध्याकाळी त्याची गाडी उसाच्या कडेला सापडली. दारं उघडी. मागे पिशव्या तशाच. बहुतेक मासे मेले होते. मोहारा जातीची एक जोडी तेवढी तोंड वर काढून धापा टाकत होती. ती घरी आली. तो आला नाही. पोलीस चौकीतला मेला विचारतो, "पोरगी घेऊन पळाला असेल का?" तेव्हापासून वहिनी दर शनिवारी, ज्यांची पोरं अशीच नाहीशी झाली त्या इतर आयांबरोबर डोंगरात जाते. लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, उपसायची, टोकाचा वास घ्यायचा. कुजका वास आला तर तिथं खणायचं, कुणाचं लेकरू पुरलंय का बघायला. परत आली की हात घासून घासून धुते आणि त्या जोडीसमोर बसते.

"यांनी पाहिलंय," म्हणते. "पिशवीतून सगळं पाहिलंय यांनी."

मी तिला वेडी म्हणत नाही. खरं सांगते, त्या मादीच्या डोळ्याला डोळा द्यायची मलाही भीती वाटते.

आता मादी म्हातारी झाली होती. टाकीत आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत अंडी घालायची, त्यातून पिल्लंही निघायची. पण या माशांच्या आयांना पिल्लं उचलून वाळूतल्या खड्ड्यात ठेवायची असतात. खड्डा आणणार कुठून? ती काचेवरच तोंड घासत बसायची. करकर, करकर. मक्याच्या तोर्तिया थापतानाही मला ऐकू यायचं. तिचा ओठ पांढरा पडून फाटला. पिल्लं काचेवर इकडून तिकडे लोळायची, आणि घाबरून आईबापच त्यांना गिळायचे. मी एकदा अंडी वेगळ्या बादलीत काढून पाहिली, त्यांना बुरशी लागली. ही मादी अशीच मेली, तर सिरिलोच्या हातच्या माशांचं घरात पुढे काहीच उरणार नव्हतं.

तिनं पुन्हा अंडी घातली तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, या खेपेला वाळू घाल. पुढची खेप येईलच असं नाही."

"कुठली घालू? ओढ्यातली? ओढ्यात कोण पुरलंय ते तुला ठाऊक आहे?"

"दुकानातून आणते."

"आणि दुकानवाल्याकडे कुठून येते? आभाळातून पडते?"

घरात वाळू होती. अंगणात मोठा ढीग होता, लग्नानंतर राहायला वरची खोली बांधायची म्हणून सिरिलोनं आणलेला. गच्चीवर खोलीच्या सळया गंजत उभ्या आहेत. त्याची ठरलेली मुलगी दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली, तिला लेकरूही झालं, पण ढीग हलला नाही. त्यात सिरिलोचं फावडं खोचलेलं होतं, ते तसंच. पावसात वहिनी वर ताडपत्री घालायची, मांजर आलं तर दगड भिरकावायची. कधी तिन्हीसांजेला फावडं वाळूत घुसल्यासारखा आवाज यायचा. आम्ही खिडकीशी धावायचो. फावडं जागेवर असायचं, आणि वहिनी माझ्या तोंडाकडे बघायची, मलाही ऐकू आलं ना, म्हणून.

मी ढिगाकडे बोट दाखवलं नाही. नुसतं पाहिलं.

"जीभ झडेल तुझी," ती म्हणाली.

"मी बोलले का काही?"

"नणंदा न बोलताच घर मोडतात."

"मोडायला आधी बांधून व्हावं लागतं, वहिनी."

बोलून गेले. वहिनी उठून आत गेली, आणि मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

अंडी फुटली त्या सकाळी करकर पुन्हा सुरू झाली. मी अंगणात आले तर वहिनी घमेलं घेऊन ढिगासमोर उभी.

"तो आला आणि वाळू कमी पडली तर?"

"तर शिव्या देईल. देऊ दे. मग त्यालाच आणखी आणायला पाठवू."

ती हसली नाही. फावड्याला हात न लावता ती खाली बसली आणि कडेची वाळू ओंजळीनं घमेल्यात भरू लागली. प्रत्येक ओंजळ नाकाशी नेत होती. सळईची सवय.

"कसला वास येतोय?" मी विचारलं.

"वाळूचा," ती म्हणाली. "नुसता वाळूचा गं." आणि तिला रडू फुटलं.

पाणी नितळ येईपर्यंत आम्ही ती वाळू धुतली. वाडग्यानं हळूहळू टाकीत सोडली. मादी आधी कुंडीमागे दडली, मग पुढे आली. वाळूत तोंड खुपसलं, घासभर उचलली, लांब नेऊन थुंकली. पुन्हा आली. वहिनीनं शालीत तोंड लपवलं.

"खणतेय ना? मला नाही बघवत. झालं की सांग."

करकर थांबली होती. घर इतकं शांत झालं की मलाच भ्यायला झालं. मादीनं खड्डा खोल केला, मग कुंडीतून पिल्लं तोंडात घेऊन एकेक खेप त्यात ठेवू लागली.

तेवढ्यात अंगणात फावडं पडल्याचा आवाज आला. कडेची वाळू काढल्यावर ते पडणारच होतं. वहिनी खिडकीकडे धावली. मी तिचं मनगट धरलं.

"आधी हे बघ."

तिनं शाल बाजूला केली. इतकी वर्षं खड्ड्यांत डोकावणारी ती बाई काचेला कपाळ टेकवून त्या एवढ्याशा खड्ड्यात बघत राहिली.

"हलतायत," ती म्हणाली. "क्रिसान्ता, सगळी हलतायत गं."