जाते नाही, येते म्हण

ऋजुताचं लक्ष जागेवर असेल तर शपथ! आईने खिचडीसाठी परातीत साबुदाणा काढला, की ही बया बोटाने दाणे सरकवत बसायची. हा इकडे गेला, तो काठाला आपटून मागे फिरला. कोपर स्टेशनजवळच्या त्या घरात खिचडी कधी वेळेवर झाली नाही.

पण तिच्या तंद्रीला कारण होतं. ठाण्याच्या प्रयोगशाळेत न्यूट्रॉन मोजणारं एक यंत्र तिने स्वतःच्या हातांनी जुळवलं होतं, आणि ते बेटं संगणकाच्या हिशोबापेक्षा दरवेळी जास्तच कण दाखवायचं. तिचे मार्गदर्शक ढवळे सर वैतागले. "यंत्रच बिघडलंय तुझं. सोमवारी भंगारात काढू." त्यांनी त्यावर 'बाद' अशी चिठ्ठीही चिकटवली. आपल्या पोटच्या पोरीला कुणी नावं ठेवावीत, तसं ऋजुताच्या काळजाला लागलं.

हिशोबाचं सॉफ्टवेअर निवडलेलं तिच्यासोबत काम करणाऱ्या सुमितने. "एकदम झटपट आहे यार, चहा होईपर्यंत उत्तर." दुसरंही एक होतं, एकेका कणाचा पिच्छा शेवटपर्यंत न सोडणारं, पण भलतंच संथ. "ते घेतलंस ना, तर उत्तर यायच्या आत तुझी पोरं शाळेत जातील," सुमित म्हणायचा.

शनिवारी दुपारी ती मावशीकडे कळव्याला निघाली. चप्पल घालता घालता तंद्रीतच म्हणाली, "आई, जाते गं."

"अगं मेले, जाते काय! येते म्हण!" आई आतून कडाडली. "घराबाहेर पडलेलं माणूस परत येणार असतं ना?"

ऋजुता उंबऱ्यातच थबकली. एक पाय चपलेत, एक तसाच. जिना, भिंती, ऊन सगळं विरघळल्यासारखं झालं. तिला कण दिसू लागले. यंत्रातून बाहेर पडून खोलीभर तरंगणारे, भिंतीत शिरून दमणारे, आणि संध्याकाळी खाडीवरून बगळे परततात तसे सावकाश मागे फिरणारे. सुमितचं सॉफ्टवेअर यंत्रापुरतंच बघायचं. कण बाहेर पडला की 'गेला' म्हणायचं आणि विषय संपला! अरे, पण तो येतो म्हणून निघाला असेल तर?

कळवा राहिलं बाजूला. मावशी रुसली तर रुसली! ऋजुताने संथ सॉफ्टवेअर उघडलं आणि त्यात प्रयोगशाळेची आख्खी खोली उभी केली. भिंती, फरशी, छत, कोपऱ्यातलं लोखंडी कपाटसुद्धा. संगणक रविवारभर कण्हत राहिला.

सोमवारी यंत्राचे आणि संगणकाचे आकडे जुळले. सरांनी पुन्हा पुन्हा पाहिले. "म्हणजे कण घरी येत होते, आणि आपण बिचाऱ्या यंत्राला खोटं पाडत होतो," ते हळूच म्हणाले आणि स्वतःच्या नखाने 'बाद'ची चिठ्ठी खरवडू लागले. ऋजुताचे डोळे भरून आले.

चिठ्ठी निघाली तसे सर उठले. "बरं, जातो मी."

"सर," तिच्या तोंडून निघून गेलं, "येतो म्हणा."

सर दारात थांबले. एकदा यंत्राकडे, एकदा तिच्याकडे बघून हसले.

"येतो हं," म्हणाले.