अक्षरांवर पडलेली सावली

"आधी उजेड कुठून येतोय ते ठरव. मग सावली. उगाच काळं फासत सुटू नकोस."

बाबांचं हे सांगणं तिच्यात इतकं मुरलं होतं, की संगणकावर काम करतानाही तिचा हात क्षणभर थांबायचा. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. त्यांचं अक्षर फळीपासून चार बोटं पुढे आल्यासारखं दिसे, ते त्या सावलीमुळे. लेकीने ब्रश धरला नाही, ती वेबपानं करू लागली. पण चौकटींना सावली द्यायची वेळ आली, की ऑफिसात सगळे तिच्याकडेच बोट दाखवत.

ते काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. नव्या ब्राउझरना एक ओळ पुरे. थोड्या जुन्यांना तीच ओळ त्यांच्या घराण्याचं नाव पुढे लावून सांगायची, नाहीतर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. आणि सगळ्यांत म्हातारा ब्राउझर जो होता, त्याची बोलीच निराळी. सगळ्यांची मनधरणी करून तिने रुग्णालयाच्या वेळापत्रकाचं पान सोमवारी सुरू केलं होतं.

गुरुवारी दुपारी 'नाट' तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पानांतल्या चुका हुडकून झाल्या कामाला नाट लावणं हे ऑफिसातलं त्याचं काम, म्हणून हे नाव. त्यालाही ते आवडायचं.

"ताई, पराक्रम केलात."

"आता काय?"

"तुमच्या म्हाताऱ्या ब्राउझरने चौकट सोडली आणि अक्षरांवर सावली टाकली. तीनचा इंग्रजी आकडा आठ दिसतोय. डॉक्टरांची वेळ दुपारी तीनची, आणि एक आजी सकाळी आठला येऊन बसल्या. तेही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे!"

तिला हसू आलं नाही. त्याच्या जुन्या संगणकापाशी जाऊन तिने पाहिलं. प्रत्येक अक्षराच्या पाठीशी करडा, जाडसर लपेटा. कारण तिला लगेच कळलं. चौकटीला तिने स्वतःचा रंगच दिला नव्हता. पान पांढरं, चौकट पांढरीच दिसणार, मग पांढऱ्यावर पांढरं कशाला, असं तिला वाटलं होतं. म्हाताऱ्याला मात्र रिकामी चौकट दिसत नाही. आत जे भरीव सापडेल, त्याचीच सावली तो पाडतो.

"एका ओळीचं काम आहे. करते," ती म्हणाली.

तेवढ्यात चार वाजले. चारला बाबांना फोन हा तिचा नेम होता. चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता. जाणं मात्र राहतच गेलं होतं. 'पुढच्या महिन्यात येते' हे वाक्य वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं.

"अगं, तुझ्याच फोनची वाट बघत होतो," बाबा म्हणाले. "आज वाचनालयात गेलो होतो. तिथल्या बाईंनी तुझं पान लावून दिलं."

वाचनालयातला संगणक किती जुना आहे, हे तिला ठाऊक होतं.

"दिसलं का बाबा?" त्यांची नजर मधोमध अंधूक झाली होती. कडा तेवढ्या दिसत.

"दिसलं म्हणजे काय! अक्षराला सावली दिलीस की गं! उजवीकडे, खाली. माझ्यासारखी." मग पाटी तपासल्यासारखं म्हणाले, "किंचित जाड झालीय. हात हलका ठेवायचा. पण दिलीस हो."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. बाबा बोलतच होते.

"बाजारात आता माझी एकही पाटी उरली नाही बघ. शिंप्याची शेवटची होती, ती गेल्या महिन्यात उतरवली. म्हटलं, संपलं आपलं. आणि आज हे! उद्या दहाला सुतारालाही घेऊन जातोय. माझ्या फळ्या तोच करायचा ना. सारखा टोचतो मला, तुझ्यामागे कोण, म्हणून. म्हटलं, चल, दाखवतोच."

"बाबा, ते..." चूक हा शब्द ओठांपर्यंत आला आणि माघारी गेला. "उद्या दहाला मीच येते. मी आल्याशिवाय पान उघडू नका."

"तू? उद्या? थापा मारू नकोस."

"वचन देते."

पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग, "बरं. दाढी करून ठेवतो."

फोन ठेवून ती नाटकडे गेली. "हे उद्या दुपारी केलं तर?"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, थट्टा केली नाही. "उद्या सकाळी आणखी कुणीतरी आठला येऊन बसेल, ताई."

"हो. खरंच."

तिने चौकटीला पांढरा रंग दिला. जुन्या पडद्यावर पान पुन्हा उघडलं. अक्षरं स्वच्छ झाली होती, तीनचा आकडा तीनच दिसत होता, आणि सावली चौकटीच्या कडेला जाऊन शहाण्यासारखी बसली होती. नाट म्हणाला, "झकास." पडद्यावर आता बाबांचं काहीच नव्हतं.

रजेच्या अर्जात कारणाच्या जागी तिने 'वडिलांना समोर बसून सांगायचे आहे' असं लिहिलं, मग ते खोडून 'घरगुती काम' असं लिहिलं. साहेबांनी न वाचताच सही केली.

घरी न जाता ती तशीच बसस्थानकावर गेली. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "परतीचंही देऊ का?"

"नको," ती म्हणाली. "जायचंच द्या."

पर्स मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली. ती सावली म्हणजे चूक होती, हे बाबांना सांगायचं तर सुरुवात कुठून करायची, हे काही सुचत नव्हतं. बस हलली, तशी तिने पदर सावरला आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून मनात जुळवायला लागली.